‘टर्न डाउन’ म्हणजे खाली वळणे नव्हे

मी अकरावीत असतानाची गोष्ट आहे. वडिलांनी शेतात ठिबक संच बसविण्यासाठी एके ठिकाणी कर्जाचा अर्ज केला होता. पुष्कळ दिवसांनी त्याचे उत्तर आले, आणि ते आले इंग्रजीत. आमचे गाव शिंदखेडे तालुक्यात. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. वडील ओट्यावर येऊन बसले, पत्र माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “काय लिखेल शे रे भाऊ?”

मी पत्र दोनदा वाचले. मला ठाऊक नाही असा एकही शब्द त्यात नव्हता. महत्त्वाची वाक्ये दोनच होती. पहिल्यात अर्ज ‘टर्न्ड डाउन’ झाल्याचे कळविले होते. दुसऱ्यात म्हटले होते की, ही बाब तीस दिवसांच्या आत वरच्या कार्यालयाकडे ‘टेक अप’ करता येईल. ‘टर्न’ म्हणजे वळणे आणि ‘डाउन’ म्हणजे खाली, हे पाचवीपासून पाठ. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘अप’ म्हणजे वर. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “अर्ज आधी खालच्या कार्यालयाकडे वळविला आहे. आता तीस दिवसांत वरचे कार्यालय तो उचलून घेणार आहे.” आधी खाली, मग वर, असा सगळा हिशेब कसा नीट जुळला होता!

“मंग वाट दखूत,” वडील म्हणाले.

आम्ही वाट पाहिली. तीस दिवस गेले, चाळीस गेले. शेवटी वडील स्वतःच तेथे गेले. तेव्हा कळले की अर्ज केव्हाच नामंजूर झालेला होता. एका कागदाची उणीव होती. मुदतीत वर दाद मागितली असती तर ती भरून निघाली असती. ती दाद आम्हीच मागायची होती; ‘टेक अप’ करणारे आम्हीच होतो. त्या वर्षी ठिबक बसले नाही. विहिरीने लवकर तळ दाखविला आणि कापसाला शेवटचे पाणी मिळाले नाही. वडिलांनी मला एका शब्दानेही बोलून दाखविले नाही, आणि तेच मला अजून लागून राहिले आहे.

पुढे बी.ए.ला मी इंग्रजी विषय घेतला तो काही शेक्सपिअरच्या ओढीने नव्हे. त्या दोन वाक्यांचा मला उलगडा करून घ्यावयाचा होता. तो जितका झाला तितका येथे मांडतो. आपल्यापैकी बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले आहेत. घरी कुणी अहिराणी बोलतो, कुणी लेवा बोली, कुणी तावडी. अशा मित्रांना याचा थोडाबहुत उपयोग व्हावा.

इंग्रजीत साधे क्रियापद आणि त्याला जोडलेला ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखा छोटा शब्द मिळून तिसराच अर्थ निघतो. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव तसे अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. नाव नवे असले तरी वस्तू फार जुनी आहे, आणि इंग्रजांच्या रोजच्या बोलण्याचा तर ती कणाच आहे.

आपल्याला ही वस्तू परकी वाटते. ती तशी नाही, हाच माझा मुख्य मुद्दा आहे. वर मी लिहिले, ‘बोलून दाखविले नाही’. आता बोलणे काय दाखविण्याची वस्तू आहे? ‘लागून राहिले आहे’ असेही लिहिले. कोण कुठे राहिले? कुणा इंग्रज विद्यार्थ्याने शब्दकोश उघडून ‘दाखविणे’ आणि ‘राहणे’ यांचे अर्थ पाहिले, तर त्याची तीच गत होईल जी माझी ओट्यावर झाली.

आपली मराठी अशा जोड्यांनी खच्चून भरलेली आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक आहे. ‘खाऊन टाक’ म्हणणारी आई ताटातले काही फेकावयास सांगत नाही, ताट संपव म्हणते. माझी आजी अहिराणीत हेच ‘खाई टाक’ असे म्हणे. इंग्रज आई म्हणते ‘ईट अप’. तेथे ‘अप’चा ‘वर’शी जेवढा संबंध, तेवढाच येथे ‘टाक’चा टाकण्याशी. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाकणे, संपविणे. ‘फिल अप’ या जोडीत या ‘अप’चे मूळ थोडे दिसते. भांडे भरत भरत वर काठापर्यंत आले की काम पुरे झाले. असा हा ‘अप’ वर चढता चढता ‘पूर्ण’ या अर्थाला जाऊन पोहोचला. (पाहा, ‘जाऊन पोहोचला’! एकदा लक्ष गेले की ही मंडळी जागोजागी भेटू लागतात.)

आपले ‘बसणे’ तर याहूनही खट्याळ आहे. ‘मी सही केली’ आणि ‘मी सही करून बसलो’ या दोन वाक्यांत सही एकच. पण दुसऱ्यात पश्चात्ताप आहे. हा पश्चात्ताप इंग्रजीत एका शब्दात आणून दाखवा, असे मी आमच्या वर्गात एकदा म्हटले. कुणालाच जमले नाही. तेव्हा आपण अवघड भाषा शिकावयास निघालो आहोत असे समजून फार खचू नये. त्याच जातीची एक अवघड भाषा आपण दूध पितापिताच शिकलेलो आहोत. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा शब्दाचा नुसता अर्थ देऊन ते थांबले नाहीत. शब्दाखाली त्याचे वाक्प्रचारही नोंदविले. नुसत्या शब्दार्थाने येथे भागत नाही, हे त्यांच्या चांगलेच ध्यानात आले असले पाहिजे.

आता ‘ऑफ’ घ्या. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. या दोहोंत ज्याने घोटाळा केला तो परीक्षेच्या दिवशी घरी झोपून राहील. ‘सी ऑफ’ म्हणजे गाडीपर्यंत पोहोचवावयास जाणे. सुटी संपवून मी जळगावला निघतो तेव्हा वडील मला नरडाणा स्टेशनवर ‘सी ऑफ’ करतात. गाडी अमळनेर, धरणगाव करीत येते, आणि मी खिडकीशी वही उघडून बसतो. या तिन्ही ‘ऑफ’मध्ये एक समान धागा आहे, तो दूर जाण्याचा. तारीख दूर जाते, बेत दूर होतो, माणूस दूर जातो. ‘आउट’मध्ये असाच बाहेर येण्याचा किंवा संपण्याचा भाव असतो. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे. येथे मराठीतही ‘काढणे’ आलेच! ‘पुट आउट’ म्हणजे दिवा अथवा आग विझविणे. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे संपणे. क्रिकेटमुळे आपल्याकडे ‘रन आउट’चा एकच अर्थ रूढ झाला आहे, त्यामुळे ‘आम्ही साखरेचे रन आउट झालो’ हे वाक्य ऐकून हसू येते, पण ते बरोबर आहे.

अर्थात धागा प्रत्येक वेळी सापडेलच असे नाही, आणि तो ओढून काढण्याच्या नादीही लागू नये. ‘टर्न डाउन’मध्ये खाली जाण्याचा आणि नकाराचा संबंध मनाशी लावता येतो, पण आवाज कमी करणे हाही ‘टर्न डाउन’चाच अर्थ आहे. रेडिओ ‘टर्न डाउन’ करा म्हणजे हळू करा, आणि अर्ज ‘टर्न डाउन’ केला म्हणजे नाकारला. कोणता अर्थ घ्यावयाचा हे शेजारचा शब्द सांगतो. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासह करावा.

येथे एक गमतीची आणि थोडी कडवट गोष्ट सांगावीशी वाटते. त्या पत्रात ‘रिजेक्टेड’ असा शब्द असता तर मी अर्थ बरोबर सांगितला असता. ‘रिजेक्ट’ अवघड म्हणून पाठ केलेला होता. ‘टर्न’ आणि ‘डाउन’ सोपे म्हणून सोडून दिलेले होते. (पत्र लिहिणाऱ्यास साधे इंग्रजी लिहिण्याची हौस असावी. एरवी ती स्तुत्यच म्हटली पाहिजे.) असे का होते, याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली. धर्मपीठात आणि विद्येत लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन शब्द नांदू लागले, एक भारदस्त आणि एक घरगुती. ‘पोस्टपोन’ भारदस्त, ‘पुट ऑफ’ घरगुती. ‘एक्स्टिंग्विश’ आणि ‘पुट आउट’, ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, या जोड्या त्याच जातीच्या. आपल्याकडे संस्कृतातून आलेले ‘सहन करणे’ आणि बोलण्यातले ‘खपवून घेणे’ यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर. ‘पुट अप विथ’ला ‘खपवून घेणे’ इतका चपखल मराठी प्रतिशब्द दुसरा नाही.

पाठ्यपुस्तकांतून आपण भारदस्त शब्द आधी शिकतो. परिणाम असा की आपला विद्यार्थी इंग्रजी बोलू लागला की सरकारी राजपत्र वाचून दाखविल्यासारखा बोलतो, आणि समोरचा साधे बोलला की गोंधळतो. कठीण इंग्रजी समजते आणि सोपे समजत नाही, अशी ही उलटी गंगा आहे.

वाक्प्रचारांची कथा थोडी निराळी. तेथे कित्येकदा दोन्ही भाषांचे छान जुळते. ‘टर्न वन्स बॅक ऑन’ म्हणजे पाठ फिरविणे. ‘बेल द कॅट’ म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. कधी अर्थ तोच राहतो आणि चित्र पालटते. इंग्रज कोंडीत सापडला की ‘सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये’ सापडतो. आपल्याला समुद्र कुठला? आपल्याकडे ‘इकडे आड तिकडे विहीर’. त्यांचा पाऊस ‘मांजरे नि कुत्री’ होऊन पडतो, आपला मुसळे होऊन. हसावे कुणी कुणाला? जेथे मुळातच जे मुबलक आहे ते तेथेच घेऊन जाणे, यास इंग्रज ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ म्हणतात. कारण न्यूकॅसल हे कोळशाचे जुने बंदर. या वाक्प्रचाराचा अर्थ आमच्या वसतिगृहातील एका मित्राला मी सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, “म्हणजे रावेरला केळी नेणे!” मला वाटते त्या दिवसापासून तो हा वाक्प्रचार कधी विसरला नसेल. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा या वाक्प्रचाराला कोशात जागा द्यावयास हरकत नसावी.

काही इंग्रजी वाक्प्रचार भाषांतरित होऊन आपल्यात इतके मुरले आहेत की परके वाटतच नाहीत. ‘नक्राश्रू ढाळणे’, ‘पांढरा हत्ती पोसणे’, ‘लालफीत’, ‘प्रकाश टाकणे’ ही मूळची तिकडची मंडळी आहेत. ‘हिमनगाचे टोक’ हाही त्यांतलाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील वक्ते भर दुपारी मंडपात हिमनगाचे टोक दाखवितात तेव्हा मौज वाटते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’ची पाने चाळावीत, आपलेच भांडार किती मोठे आहे हे पाहून थक्क व्हावयास होते.

खरा धोका आहे तो दिसावयास सारख्या आणि अर्थाने वेगळ्या वाक्प्रचारांत. माझ्या माहितीतील एक विद्यार्थी धुळ्याला इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत बोलला. विषय होता शिक्षणातील अडथळे. मुलगा मनापासून बोलत होता. वडील नसलेले, काका शिकू देत नव्हते, शेताच्या वाटणीवरून भांडण. तो म्हणाला, ‘माय रिलेटिव्ह्ज ऑल्वेज पुल माय लेग.’ त्याला म्हणावयाचे होते, नातेवाईक माझे पाय ओढतात. पण इंग्रजीत ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे, गंमत करणे. परीक्षक हसले. त्यांना वाटले, मुलगा आता काही विनोद सांगणार. तो एकदम थांबला आणि पुढचे विसरून गेला. खाली बसल्यावर तो मला म्हणाला, “मी काय चुकीचे बोललो?” त्याचे व्याकरण एका अक्षरानेही चुकले नव्हते.

अशा आणखी काही जोड्या मी वहीत टिपून ठेवल्या आहेत. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकून मोकळे होणे. आपले ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधून लाभ उठविणे. पहिला अंग काढून घेतो, दुसरा अंग घालतो. ‘कीप ॲन आय ऑन’ म्हणजे लक्ष ठेवणे, सांभाळणे. पण शेजाऱ्याच्या शेतावर ‘डोळा ठेवणे’ ही आपल्याकडे चांगली गोष्ट समजली जात नाही. ‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे बोललेले मागे घेणे, नाक खाली करणे. आपण ‘शब्द गिळतो’ तो ओठांवर येण्याआधी. ‘शो वन्स टीथ’मध्ये धमकी आहे, आपल्या ‘दात काढण्या’त नुसते खिदळणे. जेथे जेथे हात, पाय, डोळे, दात येतात तेथे तेथे जपून असावे. शरीर सर्वांचे सारखे असते, वाक्प्रचार मात्र नसतात.

पदवीधर मंडळींनीही जपून असावे. आपण सहज म्हणतो की मी अमुक साली या महाविद्यालयातून ‘पास आउट’ झालो. इंग्लंडात लष्करी शिक्षण पुरे करणाऱ्यांस हे शब्द लावतात खरे. पण साधारण माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ मूर्च्छा येऊन पडणे असा होतो. ‘कोप अप विथ’ ही तर आपल्याकडे राजरोस चालणारी चूक आहे. शुद्ध रूप ‘कोप विथ’ एवढेच. ‘कीप अप विथ’मधला ‘अप’ येथे आगंतुकासारखा घुसला असावा, असा माझा तर्क आहे.

व्याकरणाचे दोन शब्द सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ‘टर्न डाउन’, ‘पुट ऑफ’ यांसारख्या जोड्यांत सर्वनाम मध्ये घालावे लागते. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’सारख्या जोड्या फुटत नाहीत, ‘लुक आफ्टर हिम’ असेच म्हणावे लागते. आपणही जोडी थोडी फोडतोच की. ‘विसरूनच गेलो’, ‘खाऊन तर टाक’ असे आपण म्हणतो. फक्त कुठे काय घालावे हे आपल्याला कुणी शिकविलेले नसते, कानच सांगतो. छोटा शब्द मागून पुढे गेला तर केवढा अनर्थ होतो तेही पाहावे. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजरेखालून घालणे, आणि ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे किंवा दुर्लक्ष करणे. उत्तरपत्रिका ‘लुक ओव्हर’ करणारे परीक्षक आपल्याला हवे असतात, ‘ओव्हरलुक’ करणारे नकोत. ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार ताब्यात घेणे. ‘ओव्हरटेक’ म्हणजे काय हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या धुळ्याच्या लोकांस सांगावयास नको.

उच्चाराकडेही आपले लक्ष नसते. ‘टर्न डाउन’ म्हणताना जोर ‘डाउन’वर येतो. हीच जोडी नाम झाली की जोर सहसा पुढे सरकतो. गाडी बंद पडते तेव्हा ‘ब्रेक डाउन’मध्ये जोर मागच्या शब्दावर, पण ‘ब्रेकडाउन झाला’ म्हणताना पहिल्यावर. ऐकताना जोर शेवटी आला की सावध व्हावे. बहुधा तेथे दोन सुटे शब्द नसून एक जोडी उभी असते.

आपण हे शिकतो कसे? परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड उघडतो. डावीकडे चाळीस जोड्या, उजवीकडे चाळीस अर्थ. ‘गिव्ह अप’ : सोडून देणे. ‘गिव्ह इन’ : शरण जाणे. ‘गिव्ह आउट’ : वाटणे. परीक्षा झाली की सगळे एकमेकांत मिसळून जाते, कारण मुळात त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवील असे वाक्यच कुणी दिलेले नसते. आमच्या एका प्राध्यापकांनी मला निराळी वाट दाखविली. रोज एकच जोडी घ्यावयाची आणि आपल्या घरचे, गावचे, खरे घडलेले एक वाक्य तिच्यावर करावयाचे. माझ्या वहीत ‘गिव्ह इन’पुढे आजीचा आणि चष्म्याचा वाद आहे, ‘रन आउट ऑफ’पुढे लग्नात संपलेली वांग्याची भाजी आहे. पहिल्या पानावर ‘टर्न डाउन’ आणि ‘टेक अप’ आहेत. त्यांच्यापुढे मी त्या पत्राची तारीख लिहून ठेवली आहे.

गेल्या सुटीत घरी गेलो तेव्हा पुन्हा एक इंग्रजी पत्र आलेले होते. पिकाच्या नुकसानीबद्दल वडिलांनी एके ठिकाणी तक्रार केली होती, तिचे हे उत्तर. वडील पुन्हा ओट्यावर बसले. पत्र चार ओळींचे होते. शेवटी लिहिले होते, ‘वुई आर लुकिंग इन्टू द मॅटर.’ या वेळी मी घाई केली नाही. कोश काढून खात्री करून घेतली. मग सांगितले, “आत पाहणे असा याचा अर्थ नाही, अण्णा. ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे. ते म्हणतात, आम्ही या प्रकरणाची चौकशी करीत आहोत.”

वडिलांनी पत्राची घडी घातली, ते टोपीखाली ठेवले आणि म्हणाले, “म्हंजे त्या काहीच करतस नही.”